मागच्या कोपऱ्यात खणू नकोस

प्रिय दहा-अकरा,

आधी एक काम कर. रविवारी बोअरवाला येणार आहे ना, त्याला फोन करून थांबव. जावईबापूंनी मागच्या कोपऱ्यात खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे ती राहू दे, पण त्या दोरीच्या आत कुणी कुदळ मारू नका आणि तुझ्या छोटीला तिकडे खेळायला सोडू नका. हे झालं की चहा घेऊन बस आणि मग पुढचं वाच. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस.

तू फोटो पाठवलास त्याला आज नऊ दिवस झाले. खाली किती उत्साहाने लिहिलं होतंस, की बाबा, या कोपऱ्यात गवताची काडीसुद्धा नाही, आयती साफ जागा मिळाली, इथे भाजीचे वाफे आणि वाफ्यांना लागूनच बोअर. आणि मी उत्तर काय दिलं, तर ‘छान’. तू आईकडे तक्रार केलीस की बाबांना आता घराचं काही उरलं नाही, गाडीत बसले आणि आम्हाला विसरले. तसं नाही गं. त्यानंतर मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा छोटीच्या दाताची चौकशी करून ठेवून दिला. तू फोनवर हसायला लागलीस की मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं, हे काही आजचं नाही. म्हणून कागद घेतला. आई याचे फोटो काढून तुला पाठवेल. शुद्धलेखनही तीच तपासेल. नोकरी सुटून दीड वर्ष झालं, तरी तिच्यातली मास्तरीण काही सुटत नाही.

तुला दहा-अकरा म्हटलं की अजून राग येतो का? तू पाच वर्षांची असशील. गॅरेजमध्ये मी गाडीखाली पडलेला असायचो आणि हात बाहेर काढून पाना मागायचो. बारा-तेरा मागा, सोळा-सतरा मागा, तू आपली दहा-अकराचाच आणून द्यायचीस, कारण तो तुझ्या मुठीत नीट बसायचा. मी तो मुकाट्याने घ्यायचो, थोडा वेळ खाटखूट करायचो आणि तू पलीकडे गेलीस की उठून हवा तो पाना घेऊन यायचो. तोच पाना आता गाडीत माझ्या सीटखाली आहे. या गाडीत त्याच्या मापाचा एकही नट नाही, तरी आणलाय.

या फिरत्या घराच्या गाडीत आमचं बरं चाललंय. सोळा महिने झाले, पण अजून आम्ही एकमेकांच्या पायात येतो. आई स्वयंपाकाला लागली की मी गाडीबाहेर, मी दाढीला बसलो की आई बाहेर. एकतीस वर्षं भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून तिने पोरांना नद्या शिकवल्या, त्यातली एकही पाहिली नव्हती. आता एखादी नदी आली की गाडी थांबवायला लावते, काठाशी जाते आणि शाळेत प्रार्थनेला राहावं तशी पाच मिनिटं उभी राहते. मग येऊन म्हणते, “नकाशात दाखवतात त्यापेक्षा रुंद आहे.” मी मान डोलावतो. गाडीत माझं काम चालवायचं आणि तिचं रस्ता सांगायचं. रस्ता चुकला तर चूक रस्त्याची, कारण तिची असूच शकत नाही.

फक्त एका गोष्टीवरून आमची धुसफूस झाली, ती म्हणजे ऑइल. दर आठ हजार किलोमीटरला मी स्वतः गाडीचं ऑइल बदलतो. साडेसहा लिटर. नवं घालणं सोपं आहे, प्रश्न काढलेल्या जळक्या ऑइलचा. पहिल्यांदा बदललं तेव्हा आम्ही एका गावाबाहेर ओढ्याकाठच्या मैदानात उतरलो होतो. चेंबरचा नट खोलला, घमेल्यात ऑइल काढलं, आणि घमेलं उचलून सरळ मैदानाच्या कडेच्या खड्ड्याकडे चालायला लागलो. विचारबिचार काही नाही, पाय आपोआप चालले होते. तिथे मैदानाची रखवाली करणारी बाई दोरीवर धुणं वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं आणि हातातला चादरीचा पिळा तसाच धरून म्हणाली, “दादा, तुम्ही उद्या जाल. आम्ही इथंच राहणार.” आवाज चढवला नाही की काही नाही. मी घमेलं घेऊन मागे फिरलो. आईने एक रिकामा प्लास्टिकचा डबा काढून दिला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘हे स्वयंपाकाचं नाही’ असं लिहून चिकटवलं.

त्या दिवसापासून तो डबा आईच्या पायाशी आला. मागे ठेवला तर वळणावर कलंडतो, दुसरीकडे जागा नाही. पाय त्याच्यावर ठेवायचे की बाजूला, हा तिचा रोजचा प्रश्न. मी वाटेतल्या गॅरेजांत विचारत सुटलो. एकाने मागचे भरलेले पिंप दाखवले आणि म्हणाला, “काका, माझंच कुठं ठेवू ते कळत नाही.” एकाने हसत नाल्याकडे बोट केलं, सगळे तिथेच ओततात म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. वयाने तरणा, हात माझ्यासारखेच काळे, कपाळावर पुसलेल्या बोटांचा डागही माझ्यासारखाच. मला त्याला चार शब्द सुनावायचे होते, पण कुठल्या तोंडाने सुनावणार? गाडीत येऊन बसलो. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, पुढे बघू. असं पुढे बघू म्हणत आम्ही तो डबा तीन हजार किलोमीटर फिरवला.

शेवटी एका मोठ्या शहरात जुनं ऑइल जमा करून घेणारं केंद्र सापडलं. पत्र्याची शेड, आत रंगवलेले पिंप ओळीने, दारात एक तोलकाटा. मी असा ऐटीत डबा घेऊन गेलो की विचारू नकोस. काउंटरवर एक बाई होत्या, हातात रबरी मोजे. त्यांनी झाकण उघडलं, काचेच्या नळीत थोडं घेतलं, उजेडाकडे धरलं आणि मला विचारलं, “यात अजून काय टाकलंय?” मी म्हटलं, काही नाही. मग आठवलं. मधल्या काळात रेडिएटरमधलं जुनं हिरवं पाणी बदललं होतं, तेही मी त्याच डब्यात ओतलं होतं. आयुष्यभर तेच केलं. काळं दिसेल ते एका डब्यात आणि डबा एका जागी. बाईंनी समजावून सांगितलं की नुसतं जळकं ऑइल असेल तर ते साफ होऊन पुन्हा वापरात येतं, पण त्यात दुसरं काही मिसळलं की यंत्रच खराब होतं. म्हणाल्या, “हे आता आम्ही नाही घेऊ शकत. आणि तुम्ही तर गॅरेजवाले दिसता.” पोरी, तीस वर्षांत कुणी माझ्या कामात खोट काढली नव्हती. कान लाल झाले माझे. आई मागे उभी होती, ती हसेल असं वाटलं, पण तिने पुढे होऊन विचारलं की मग हे घेतं कोण. बाईंनी दुसऱ्या एका जागेचा पत्ता दिला, आम्ही आलो त्याच वाटेने दोनशे किलोमीटर मागे. आईने नकाशाची घडी उलटी केली, डबा पायाशी घेतला आणि म्हणाली, चला.

त्या दोनशे किलोमीटरच्या मध्यावर तुझा फोटो आला. आईने चष्मा लावून पाहिला, खूश झाली आणि मला दाखवायला फोन पुढे केला. मी गाडी कडेला घेतली. आईला वाटलं मला फोटो नीट बघायचा आहे. मला पुढचं काही दिसत नव्हतं.

आता सांगतो. त्या कोपऱ्यात गवत उगवत नाही, कारण तिथे मी उगवू दिलं नाही. आपल्या गॅरेजच्या शेडमागे खड्डा होता तो तुला आठवतो का, ज्यावर मी पत्रा टाकून ठेवायचो आणि तुला पलीकडे जाऊ द्यायचो नाही? विंचू आहेत म्हणायचो. विंचू कसले, त्यात गॅरेजचं सगळं जळकं ऑइल जायचं. दर आठवड्याला एक पिंप धर. ऑइल जिरायचं, खड्डा रिकामा व्हायचा, मला तर वाटायचं ही जमीन किती गुणाची, सगळं पोटात घेते. तेव्हा सगळेच असं करायचे हे खरं आहे, पण ते सांगून मी सुटणार नाही. गॅरेज बंद केलं तेव्हा मी वर चार गाड्या मुरूम पसरवला, सारखं केलं आणि तुमच्या हाती घराची किल्ली दिली. एक शब्द बोललो नाही. रखवालदार बाई मला म्हणाली होती की तुम्ही उद्या जाल. पण मी तर तिथेच राहत होतो गं. माझ्याच घराच्या मागे, माझी पोर खेळत असताना, मी ते केलं. आणि आता तिथे तू छोटीसाठी भाजी लावणार होतीस आणि त्याच जमिनीतलं पाणी उपसून तिला देणार होतीस.

ते दुसरं ठिकाण सापडलं. त्यांनी डबा घेतला आणि एका चिठ्ठीवर माझी सही घेतली. तिथल्या साहेबांना मी आपल्या कोपऱ्याबद्दल विचारलं. त्या डब्याबद्दलच विचारतोय असं त्यांना आधी वाटलं, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सांगितलं ते असं. आधी माती तपासून घ्यायची, वरची आणि खोलवरची. ती किती खराब आहे यावर किती काढायची ते ठरतं, आणि काढलेली माती कुठेही टाकायची नाही, त्यांच्यासारख्याच केंद्रात द्यायची. बोअर त्या बाजूला नकोच. दुसऱ्या टोकाला घेतलं तरी पाणी तपासल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. जावईबापूंना हे वाचून दाखव. त्यांना माझा राग आला तर येऊ दे, त्यांचा हक्क आहे तो.

खड्ड्याचं आईला माहीत होतं, तिने पाहिलेलंच होतं सगळं, फक्त मुरमाखाली झाकलेली ती जागा फोटोत तिला ओळखू आली नव्हती. पण एक गोष्ट तिलाही माहीत नव्हती. ती काल सांगितली. आई गाडीतून उतरली आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेने एकटीच चालत राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा.” म्हणून हे पत्र, दहा-अकरा. तू आठ वर्षांची असताना शाळेतून लिंबाचं रोप आणलं होतंस. शेडच्या मागे, खड्ड्यापासून पाच पावलांवर लावलंस. रोज दप्तर टाकलं की तांब्या घेऊन धावायचीस. महिन्याभरात त्याची पानं पिवळी पडली आणि ते गेलं, आणि तू रडत माझ्याकडे आलीस की बाबा, असं का झालं. मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी म्हणालो, तू पाणी जास्त घातलंस. त्यानंतर तू कधी काही लावलं नाहीस. कॉलेजात, लग्नानंतर, कुणी कुंडी भेट दिली तरी तू हसून दुसऱ्याला देऊन टाकायचीस, माझ्या हाताला झाडं लागत नाहीत म्हणायचीस, आणि मी समोर बसून ऐकायचो. सव्वीस वर्षांनी तुला पहिल्यांदा काही लावावंसं वाटलं आणि तू नेमका तोच कोपरा निवडलास. तू पाणी बरोबर घातलं होतंस, बाळा. अगदी बरोबर. चूक माझी होती आणि मी ती तुझ्या ओंजळीत टाकली. आम्ही परत निघालो आहोत, अजून पाच दिवसांची वाट आहे. तो कोपरा साफ होईपर्यंत मी कुठेही जाणार नाही, कुदळ मीच मारणार आणि तू मला अडवायचं नाहीस. वाटेतल्या रोपवाटिकेतून एक लिंबाचं रोप घेतलंय. ते आता आईच्या पायाशी आहे, डब्याच्या जागी, आणि वळण आलं की ती दोन्ही हातांनी त्याला धरते. अंगणात पुढच्या बाजूला, चांगल्या मातीत लावू. पाणी मात्र तूच घालायचंस, तुला वाटेल तेवढं.

तुझाच, चुकलेला
बाबा