आतून न उघडणारं दार

४ एप्रिल

भावोजींना काय म्हणावं! भर उन्हात ताईला गाडीत बसवून महाशय रस्त्यापलीकडे कुणाशी तरी गप्पा ठोकत उभे. काचा बंद, किल्ली खिशात. तिच्या बाजूचं दार आतून उघडतच नाही — कित्येक महिने! दुखरा गुडघा घेऊन गिअरवरून ड्रायव्हरच्या सीटवर जायचं तरी कसं? काच बडवत बसली बिचारी. शेवटी जाणाऱ्या-येणाऱ्या एका बाईनं बाहेरून दार उघडलं. आमच्याकडे पोचली तेव्हा चेहरा लालबुंद. आणि भावोजी — "जरा वेळ तर लागला. लगेच काय एवढं!"

५ एप्रिल

जेवताना मी विचारलंच. दार दुरुस्त का करत नाही?

"बाहेरून उघडतं की! मी असतोच उघडायला. हिला एकटीला कुठं जायचंय?"

स्वतःच हसले. बाबाही हसले! ताई मान खाली घालून जेवत राहिली. मी ताट सरकवून उठले, तर आई म्हणे, जावयाशी असं बोलतात का. आणि जावयानं कसंही बोललेलं चालतं?

७ एप्रिल

भावोजी कामासाठी बाहेरगावी. ताई आणि गाडी, दोन्ही आमच्या अंगणात.

मी दार खोललं. हँडलमागचा स्क्रू निघाला, पण आतलं पॅनेल हटेना. चमच्याच्या दांड्यानं कडेकडेनं उचकटलं — खटाखट सुटलं. आतला प्लास्टिकचा कागद सोलला, हात घातला. पत्र्यानं मनगट सोलवटलं ते वेगळंच. आणि सापडलं काय? हँडलपासून लॅचपर्यंत जाणारी सळई नुसती लोंबतेय! तिला धरून ठेवणारी नखाएवढी क्लिप तुटलेली. बस्स. एवढ्याशा प्लास्टिकपायी माझी बहीण कोंडली जात होती!

बाबा डोकावले. "काही मोडलं तर जावईबापूंना काय सांगू?"

सांगा, धाकटीनं मोडलं.

८ एप्रिल

स्पेअरपार्टवाला म्हणतो, "मिस्टरांना पाठवा." मिस्टर नाहीत, क्लिप द्या!

बसवली. दार उघडंच ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबलं, दार लागल्यावर अडकतं तसं, मग हँडल ओढलं — टक! सुटलं. मग ताईला आत बसवून दार लावलं. "उघड." तिनं उघडलं. लावलं. परत उघडलं. मी हत्यारं गोळा करून हात धुऊन आले तरी तिचं तेच चालू. हसत मात्र नव्हती.

१० एप्रिल

"वा! मेहुणीबाई मेकॅनिक झाल्या!" आभाराचा एक शब्द नाही. ताईला बसवलं, दार बाहेरून धाडकन लावलं आणि निघाले. असं आपटलं तर राहील का काही धड?

११ एप्रिल

ताई आलीये. पायी, गुडघा धरत, नुसती पर्स घेऊन. "सिग्नलला गाडी थांबली, तशी उतरले," एवढंच म्हणाली.

मागोमाग भावोजी फाटकाशी हॉर्न वाजवायला लागले. बाबा उठले. मला वाटलं, उघडायलाच चालले. कडी घालून परत आले.