परान्नाचा नेम

बुधवार, १७ जुलै. आषाढी एकादशी

साबुदाणा चिकट झाला. सूनबाईनं भिजवला होता. बोलले नाही. एकादशी आहे.

आज चातुर्मास लागला. सकाळी देवासमोर आम्ही तिघांनी आपापले नेम धरले. वृषालीनं कांदा-लसूण सोडलं. नंदूनं परान्न सोडलं, म्हणजे चार महिने दुसऱ्याच्या हातचं, बाहेरचं काही खायचं नाही. त्याला तसंही पित्त होतं. देवाच्या नावावर पथ्य. बापासारखाच हिशेबी आहे लेक.

मग माझी पाळी. मागच्या आठवड्यात मी एकटी डेक्कनला चित्रं बघायला गेले, यायला उशीर झाला, तर या नंदूनं काय तमाशा केला! "आई, यापुढे एकटीनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला. मी गप्प बसले होते. एकादशीची वाट बघत होते.

हातात पाणी घेतलं आणि मोठ्यांदा म्हटलं, "दर गुरुवारी परान्न घेईन. एक तरी चित्र बघेन, मग बाहेर बसून दुसऱ्याच्या हातचं खाईन. तोवर त्या दिवशी तोंडात अन्न नाही." पाणी सोडलं ताम्हनात.

नंदू : "हा कसला नेम? नेमात सोडायचं असतं."

म्हटलं, "जे जड जातं ते करायचं असतं. तुला खायचं सोडणं जड, मला आयतं बसून खाणं जड. पन्नास वर्षं ओट्याशी उभी आहे."

वृषाली पदर तोंडाला लावून आत गेली. हसली का चिडली कळलं नाही.

गुरुवार, १८ जुलै

पहिला गुरुवार!! हमीदाला कालच फोन केला होता. नारायण पेठेतल्या शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही, पुढे तिचंही शिक्षण संपलं नि माझंही. तिच्या मालकांचं बुधवारात तसबिरींना चौकटी करायचं दुकान होतं. त्यामुळे ही बया चित्र बघतच नाही. आधी चौकट. "सुमे, कोपरा बघ, सांधा उघडलाय." चित्रात भले सूर्य उगवू दे.

मी कोथरूडहून मेट्रोनं, ती पेठेतून रिक्षानं. मेट्रोत गार हवा, बसायला जागा, खाली नदी. उगाच घाबरत होते इतके दिवस.

कलादालनात सगळी निळी चित्रं. निळ्यात निळं. चित्रकार शेजारीच उभा, दाढीवाला, बिचाऱ्याकडे कुणी फिरकत नव्हतं. विचारलं, "हे काय आहे हो?" तो म्हणाला, "आजी, तुम्हाला काय दिसतं?" म्हटलं, "नीळ जास्त पडलेली चादर. सासूबाईंनी दिवसभर ऐकवलं होतं." तो हसला नाही. म्हणाला, "मग तेच आहे ते." खरं सांगते, नंतर त्या चित्रासमोरून हलवेना. तो ओला निळा रंग, ती बादली. सगळं आलं.

मग इडली. जुनं हॉटेल, भिंतीवर पाटी : "खाऊन झाल्यावर विचार घरी जाऊन करावा." वेटरनं बशी आपटली. सांबार मागितलं तर म्हणाला, "एकदा मिळतं." हमीदा म्हणाली, "दुसऱ्यांदा मागितलं तर काय होतं?" तो म्हणाला, "मी दिसत नाही." अपमान करून घ्यायलाही घराबाहेर पडावं लागतं. मजा आली.

गुरुवार, १ ऑगस्ट

आज दगडाचे पुतळे. एक बाई बसलेली, पाठ आमच्याकडे. अशी पाठ मी पाहिली आहे, आमच्या आईची, जात्यावर. हात लावला. रखवालदार ओरडला, "ओ आजी, हात लावायचा नाही!" म्हटलं, "दगड आहे बाबा, मी आधी झिजेन." हमीदाला ठसका लागला हसून.

आज हॉटेल नाही, हमीदाच्या घरी जेवले. तीच म्हणाली, "माझ्या हातचंही परान्नच की." खिचडी, कढी, भाजलेला पापड. खिचडीत काय घातलं होतं कोण जाणे, घरभर वास. विचारलं तर सांगत नाही भवानी.

घरी आल्यावर नंदू : "चातुर्मासात तिथे जेवलीस?" मी : "परान्न म्हणजे दुसऱ्याचं अन्न. दुसरा कोण, ते देवानं विचारलं नाही. तू कोण विचारणारा?"

रात्री गोळी हातात न देता टेबलावर ठेवून गेला. ठेवू दे.

सोमवार, १२ ऑगस्ट

घरी सत्यनारायण. पूजा झाल्यावर वृ.नं गुरुजींना हळूच विचारलं, म्हणजे मला ऐकू येईल इतकं हळू, "गुरुजी, चुकून धरलेला नेम सोडता येतो का मधेच?"

गुरुजींनी मला विचारलं, "आजी, पाणी सोडलंत का?" "सोडलं." "मोठ्यानं बोललात?" "शेजारी ऐकू गेलं." "मग झालं. आता उद्यापन होईपर्यंत सुटका नाही. उद्यापन करेतो नेम चालूच."

वृ.चा चेहरा पडला. गुरुजी शिऱ्याचा घास घेत म्हणाले, "बाकी आजी, डेक्कनची ती मिसळ अजून तशीच आहे का हो?"

भले गुरुजी. दक्षिणेबरोबर दोन केळी जास्त दिली.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

काल पडले. लिहायचं नव्हतं पण लिहिते. कलादालनाच्या शेवटच्या पायरीवर. मागे वळून चित्र बघत होते, एक म्हैस होती डबक्यात, इतकी सुखी म्हैस मी जन्मात... तर पायरी चुकली. गुडघा. हमीदा घाबरली, मी म्हटलं गप्प, आधी खाऊ. नाहीतर दिवसभर उपाशी. भेळ खाल्ली पायरीवरच बसून, मग रिक्षा.

लपवलं होतं, पण सकाळी उठताना वृ.नं पाहिलं. गुडघा भोपळ्याएवढा.

नंदू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. खुर्ची ओढून समोर बसला. "आई, नेम धरलास, मी मोडत नाही. पण कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला की हे बंद. कायमचं. वचन दे."

मी म्हटलं, "गुडघा दुखतोय, शेक आण."

वचन दिलं नाही. त्याच्या लक्षात आलं नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. गौरी विसर्जन

गुडघ्यानं घरातच. वृ. सकाळपासून चार वेळा, "आई, आज जमायचं नाही हं." नंदूनं मोटारीची किल्ली खिशात घातली. मला कोंडणार! सकाळपासून पोटात अन्न नाही, डोळ्यापुढे काजवे.

संध्याकाळी काठी घेतली नि लिफ्टनं खाली. सोसायटीच्या गणपतीपाशी, गाड्या लावतात तिथल्या भिंतीवर, मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धेचे कागद चिकटवलेले. सगळी बघितली. एकात उंदीर गणपतीला पाठुंगळी घेऊन स्कूटर चालवतोय, हेल्मेट गणपतीला, उंदराला नाही. या पोराला पहिलं बक्षीस द्यायला हवं होतं, दिलं कुणा नीटनेटक्याला.

मग फाटकाबाहेर वडापावची गाडी. गाडीवाल्यानं स्टूल दिलं. मी बसून खात होते तेवढ्यात नंदू ऑफिसातून आला. गाडीची काच खाली. मी हिरवी मिरची दाखवली त्याला. काच वर.

नेम पुरा.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज ह्यांचं श्राद्ध. पितृपक्षातली दशमी, आणि नेमका गुरुवार. काल रात्रीच नंदू : "उद्या तरी नको, आई. बाबांसाठी."

सकाळी गुरुजींना मीच विचारलं. ते म्हणाले, "आज परान्न वर्ज्य असतं ते श्राद्ध करणाऱ्याला. म्हणजे नंदकुमारांना." नंदूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की गुरुजी फुटलेत.

स्वयंपाक सगळा मीच केला. आमसुलाची चटणी, खीर, वडे, अळू. तोंडाला काही लावलं नाही. कावळा लगेच आला. ह्यांना जेवायला कधी थांबवलेलं चालायचंच नाही.

चारला निघाले. एकटी. हमीदाला म्हटलं, आज तू नको.

लग्न नवं होतं तेव्हा हे मित्रांबरोबर डेक्कनच्या एका हॉटेलात जायचे, बटाटेवडा खायला. घरी येऊन वर्णन. "असा खुसखुशीत, आत असं पिवळं सारण, आल्याचा असा झटका." एकदा म्हटलं, मलाही न्या. "घरात काय कमी आहे?" म्हणाले. मग मी त्यांच्या वर्णनावरून करायला लागले. आलं कमी, आलं जास्त, पीठ पातळ, पीठ दाट. दरवेळी एक तुकडा मोडून म्हणायचे, "बरा आहे. पण त्याची सर नाही." शेवटपर्यंत. दवाखान्यातसुद्धा.

आधी चित्र. एका म्हाताऱ्याचं, खिडकीशी बसलेला, चष्मा कपाळावर. त्याच्याशी थोडं बोलले मनात. मग त्या हॉटेलात गेले. तेच हॉटेल, अजून आहे, टेबलं नवी. वडा मागवला.

खाल्ला.

अहो, माझाच बरा होता!!

आलं कच्चं. सारण गिळगिळीत. पुन्हा एक मागवला, म्हटलं अन्याय नको. तोही तसाच. मला इतकं हसू यायला लागलं, की पलीकडच्या पोरी बघायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं का कसलं, जाऊ दे.

घरी येऊन तसबिरीला सांगितलं. उभी राहून, कमरेवर हात ठेवून. वृ. दारात उभी होती, तिनंही ऐकलं. "काय झालं हो आई?" सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "हे पण माझ्या पोळ्यांना असंच म्हणतात. आईची सर नाही."

नंदू असं म्हणतो? माझ्या पोळ्या कडक व्हायच्या.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

चातुर्मासातला शेवटचा गुरुवार. नंदू म्हणाला, "मीच सोडतो आज. शेवटचंच आहे." किती गोड बोलला. पोरगा खूश.

हमीदा त्याला म्हणाली, "नंदू, लहानपणी माझ्या दुकानात येऊन काचा फोडायचास, आठवतं का?" तो लाजला. पन्नाशीचा बाप्या.

आज रेघांची चित्रं, काळ्या शाईची. जुन्या पुण्याची घरं, जिने, नळकोंडाळी. मी आणि ह. पुढे गेलो, मागे वळून बघते तर नंदू एका चित्रापाशीच. नुसता जिना, अंधारा, वर उजेडाची फट. "आई, हा आपल्या जुन्या खोलीचा जिना आहे." म्हटलं, "नसेल रे, तसे ढीगभर आहेत." "नाही, तोच आहे." हलेचना. ह.नं चौकटीला नाव ठेवलं नाही, पहिल्यांदाच.

मग आम्ही दोघींनी मिसळ खाल्ली. नंदू समोर बसून पाणी प्यायला. त्याचं परान्न वर्ज्य! वेटर म्हणाला, "साहेब काही घेणार नसतील तर खुर्ची मोकळी करा." नंदू उभा राहिला की हो. आईची मिसळ होईपर्यंत उभा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी

चातुर्मास संपला. वृ.नं आपल्या नेमाचं उद्यापन उद्या ठरवलं, ब्राह्मणाला कांदाभजी. नंदूनंही. उद्या रात्री बाहेर जेवायला जायचं म्हणे, चार महिन्यांची भूक.

नंदू : "आई, तुझंही उद्याच उरकू."

मी : "बघू."

"बघू काय? चातुर्मास संपला, नेम संपला."

म्हटलं, "नेम उद्यापनानं संपतो. तुझ्याच घरात, सत्यनारायणाला सांगितलं गुरुजींनी. विचार वृषालीला, तिनंच विचारलं होतं."

नंदूनं वृ.कडे बघितलं. वृ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो. तसंच म्हणाले होते."

मग नंदू : "मग कधी करणार आहेस उद्यापन?"

"घाई काय आहे?"

पाय आपटत गेला. लहानपणी असाच जायचा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळीच नंदूनं गुरुजींना फोन केला. रविवारी येणार म्हणे, उद्यापनाला. सामान मीच आणतो म्हणाला. तोंड विजयी. मी म्हटलं, येऊ देत, चहा देईन, मिसळीची चौकशी करतात बिचारे. पण पाणी मी सोडलंय, ताम्हनापाशी माझा हात लागेल. तो धरून नेणार आहेस का?

नंदू डबा घेऊन गेला.

हमीदाचा फोन. मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन लागलंय. "चौकटी नाहीत गं सुमे, मी काय बघू?" म्हटलं, ये तर.

केस विंचरत होते तर वृ. आली. चप्पल पायात, पिशवी खांद्याला. म्हणाली, "आई, तो वडा खरंच तुमच्यापेक्षा वाईट आहे?"

"खाऊन बघ."

"मला अर्धा दिवस रजा आहे," म्हणाली. मग दाराकडे बघून, "ह्यांना सांगायचं का?"

रविवारचं रविवारी. आज गुरुवार आहे.