तीस किलोमीटरवरची ऊब

३० ऑगस्ट २०१९, शुक्रवार

यंत्र बिघडलं असणार. दुपारी अडीचचा फुगा तीस किलोमीटरपर्यंत चांगला चढला, आणि तिथलं तापमान आलं उणे चाळीस! चार दिवसांपूर्वी त्याच उंचीवर उणे ऐंशी होतं. इतक्या लवकर असं होत नाही. सोबतचा त्सुनोदा म्हणाला, फुग्याला बांधलेली मोजणीची डबी टाकाऊ निघाली, उद्या दुसरी लावू.

३१ ऑगस्ट

दुसरी डबी. तेच.

२ सप्टेंबर, सोमवार

यंत्र नाही बिघडलेलं. स्थितांबर बिघडलंय, वरच्या हवेचा अख्खा थर.

आज तिसरा फुगा गेला, आकडे आणखी वर. टोकियोहून निरोप आला की उपग्रहांनाही हेच दिसतंय. हिवाळाभर ध्रुवाभोवती गरगरणारा थंड हवेचा भोवरा एका बाजूला ढकलला गेलाय, मंदावलाय, आणि वरची हवा खाली बसता बसता तापतेय. उत्तरेकडे हे दर दोन वर्षांत होतं. इथे दक्षिण ध्रुवाकडे आजवर एकदाच, २००२ साली.

त्सुनोदा आलेखासमोरून हलेना. पन्नाशीचा माणूस, या तळावरचा त्याचा हा तिसरा हिवाळा, आणि लग्नात नाचावं तसा चेहरा. मला म्हणाला, "कुजिराई-सान, अख्ख्या नोकरीत हे एकदा दिसतं. आपल्याला दिसलं." आचारी एबिसावाने संध्याकाळी मुद्दाम लाल चवळी घालून भात केला, आमच्याकडे शुभकार्याला करतात तसा. कशाबद्दल आहे ते त्याला नीट कळलं नव्हतं. तरी केला. मीही दोनदा वाढून घेतला.

६ सप्टेंबर

हिमवादळ, तिसरा दिवस. बाहेर जायला बंदी. फुगा नाही. खिडकीच्या वरपर्यंत बर्फ, त्यामुळे आत दिवसासुद्धा दिवे. एकतीस माणसं आणि तेच चार बोळ. कोण कुठल्या पावलांनी येतंय ते आता न बघता कळतं. कोण खोकतंय तेही.

बोट डिसेंबरअखेर. तोवर इथून कुणालाही कुठेही जाता येत नाही. मार्चमध्ये एबिसावाचे वडील वारले तेव्हा त्याने इथल्या कोठारात उभं राहून उदबत्ती लावली आणि संध्याकाळी एकतीस जणांचं जेवण केलं.

९ सप्टेंबर, सोमवार

हागिहारा सरांची मेल. आमच्या आकड्यांवर काम करणारे टोकियोतले प्राध्यापक. ते लिहितात की वरचा हा बदल वरच राहणार नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू खाली उतरेल, पश्चिमेचे वारे उत्तरेला सरकतील, आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कोरडा, उष्ण वारा वाहण्याची शक्यता फार वाढेल. त्यात यंदा हिंदी महासागराची साथही वाईट. दोन्ही एकदम. आधीच तिकडे तीन वर्षं दुष्काळ.

सोबत नकाशा होता. सगळ्यांत गडद लाल भाग मी मोठा करून पाहिला.

तिथे माझे वडील राहतात.

१० सप्टेंबर

लिहूनच टाकते. वडील जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचे. कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी तिकडच्या कोळशाच्या बंदरावर पाठवलं. दोन वर्षांनी परत आलं ते पत्र. तिकडे एक बाई भेटली होती. आईने पत्र वाचलं, घडी घातली आणि मासा भाजायला घेतला. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेले नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्यांनी फोन केला होता. मी मामाला म्हटलं, मी घरी नाही म्हणून सांग. मी शेजारीच उभी होते.

मामाकडून एवढं कळतं: डोंगरातल्या एका दरीच्या टोकाला घर, पीचची झाडं, चार बकऱ्या. चहूबाजूंनी निलगिरीचं रान. दरीत यायचा-जायचा रस्ता एकच, मातीचा, नऊ किलोमीटर.

नऊ किलोमीटर रान, एक रस्ता, आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस.

१४ सप्टेंबर

सरांना विचारलं — तिकडे कुणाला कळवावं का? उत्तर: "ही शक्यता आहे, भाकीत नाही. तिथल्या हवामानखात्याला सगळं माहीत आहे. आपण घरोघरी फोन करत सुटायचं नसतं."

बरोबर आहे त्यांचं. हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

१५ सप्टेंबर

फोनच्या खोलीपाशी गेले. आत कुणीतरी बायकोशी बोलत होतं. परत आले.

१७ सप्टेंबर

आत कुणी नव्हतं. तरी परत आले.

२५ सप्टेंबर

भोवरा अजून तिरका. रोज दुपारी हेलियम भरते, डबी बांधते, दोरी सोडते. फुगा दोन तासांत जिथे जातो तिथे ना वादळ, ना ढग. मी बघत राहते. खाली उतरून येणार ते काय, हे मला कळतं, आणि मी त्यातलं काहीही अडवू शकत नाही. फक्त मोजू शकते. आधी कळणं ही एवढी निरुपयोगी गोष्ट असेल असं शिकताना वाटलं नव्हतं.

त्सुनोदाने विचारलं, जेवण का टाकतेस. त्याला सांगितलं. सगळंच सांगितलं. त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "सरांनी घरोघरी करू नकोस म्हटलंय ना? हे एकच घर आहे."

३ ऑक्टोबर, गुरुवार

केला फोन. सकाळी आठला, म्हणजे तिकडे दुपार टळलेली.

तिने उचलला. त्या बाईने. मी इंग्रजीत माझं नाव सांगितलं. मग ती जपानीत बोलायला लागली! अडखळत, एकेक शब्द मांडत, पण नीट. कुणी शिकवली ते विचारायची गरज नव्हती. वडील बाजाराच्या गावाला गेले होते. ठेवावासा वाटला, पण पुन्हा हिंमत झाली नसती म्हणून तिलाच सांगितलं. वरची हवा तापलीय. खाली यायला काही आठवडे लागतील. उन्हाळा लवकर येईल आणि फार वाईट येईल.

मला वाटलं ती हसेल. तिने विचारलं, "किती आठवडे? मी लिहून घेते." पेन शोधल्याचा आवाज आला. मग विचारलं, वारा कुठल्या दिशेचा असेल. पश्चिमेचा, मी म्हटलं. रस्ता कुठल्या बाजूला आहे? पश्चिमेलाच, ती म्हणाली.

ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही जेवता ना तिथे व्यवस्थित?"

मी उत्तर दिलं नाही. ठेवला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सगळ्या जगात आनंदाची बातमी: ओझोनचं छिद्र यंदा कित्येक दशकांत सर्वांत लहान! भोवरा मोडल्यामुळे. वर ऊब आली, म्हणून ओझोन नष्ट करणारे ढगच फारसे बनले नाहीत. म्हणजे आपण काही केलेलं नाही, नुसता यंदाचा योग. पण बातमीत तेवढं कोण वाचतं! तुकडीप्रमुखांनी सगळ्यांसाठी बिअर काढली. टोकियोच्या एका वर्तमानपत्राने आमच्याकडे फोटो मागितला, फुग्याबरोबर. मला मध्ये उभं केलं. हसायला सांगितलं. हसले.

छिद्र ज्याने लहान केलं, तेच आता त्या दरीकडे उतरतंय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

वडिलांचा फोन. त्यांनी केला! एबिसावा धावत बोलवायला आला, हाताला पीठ तसंच.

आवाज म्हातारा झालाय. मी "बाबा" म्हणायचं टाळलं, नुसतं हो-हो केलं. ते म्हणाले, "ही रोज उठून पन्हाळीतला वाळला पाला झाडते. छपरावर चढते पासष्टाव्या वर्षी. काय सांगितलंस तू तिला?"

सांगितलं. ते ऐकून घेत होते की नाही कळत नव्हतं.

"तीस किलोमीटर वर गरम झालं म्हणून मी माझी झाडं सोडून गावात खोली घ्यायची?"

"जानेवारीपर्यंत फक्त."

"नक्की आहे का?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "नक्की नाही," मी म्हटलं. "शक्यता आहे."

"मग झालं तर." मग म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी मी फोन केला होता." मी म्हटलं, माहीत आहे. मग आवाज बंद. लाइन कट झाली की त्यांनी ठेवला, ठाऊक नाही.

खोटं बोलायलाच हवं होतं मी.

९ नोव्हेंबर, शनिवार

काल पेटलं. उपग्रहाच्या चित्रात किनाऱ्यालगत धुराचे पट्टे, समुद्रावर शेकडो मैल गेलेले. वारा पश्चिमेचा. त्यांची दरी धुराखाली आहे, दिसतच नाही.

फोन लागत नाही.

१० नोव्हेंबर

लागत नाही. मामालाही काही कळलेलं नाही.

अडीचला फुगा सोडला.

११ नोव्हेंबर

हिमवादळ. सगळे आत. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत माझी खोली पाच पावलं. आज किती चालले कोण जाणे. तुकडीप्रमुख दारात येऊन गेले. त्यांनी तिकडच्या वकिलातीला दोनदा कळवलंय असं त्सुनोदा म्हणाला. मी इथून निघू शकत नाही, हे आठ महिने रोज माहीत होतं. आज ते अंगावर आलं. दार उघडलं तरी बाहेर नुसतं पांढरं. कुठे जाणार? चालत?

१३ नोव्हेंबर, बुधवार

बाबा जिवंत आहेत!

गावातल्या शाळेच्या सभागृहातून फोन केला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. आवाज धुराने बसलेला. शुक्रवारी सकाळी आकाश तांबडं झालं तेव्हाही ते निघायला तयार नव्हते. म्हणत होते नळी आहे, टाकी भरलीय, घर वाचवू. तिने ऐकलं नाही.

त्यांचे शब्द आठवतील तसे लिहिते. "मी म्हटलं, शक्यतांवर कुणी घर सोडतं का? ती म्हणाली, तुला ती शक्यता कळली नाही. अकरा वर्षांनी मुलगी फोन करते ती हवामान सांगायला नाही करत. मरू नकोस म्हणून करते. बस गाडीत."

बसले. गाडीत तिने आधीच सगळं भरून ठेवलं होतं, औषधं, कागद, पाणी. तीन आठवडे तशीच भरलेली होती. दरीबाहेर, रस्त्याच्या तोंडाशी पोचल्यावर तिला आठवलं की दरीतल्या दुसऱ्या घरातली म्हातारी एकटी आहे, तिला गाडी चालवता येत नाही. तिने बाबांना तिथे थांबलेल्या शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये चढवलं. स्वतः गाडी वळवली.

"मी उतरलो नाही," बाबा म्हणाले. तीनदा म्हणाले. "उतरायला हवं होतं. उतरलो नाही."

त्या दोघींना अजून शोधताहेत. घर गेलं, झाडं गेली. मी "बाबा" म्हटलं. तेवढंच म्हणत राहिले.

१४ नोव्हेंबर

शोधताहेत.

आज कळलं, मामाकडून: आई गेली तेव्हा घरी पांढरी फुलं आली होती, नाव नसलेली. मला वाटलं होतं आईच्या कामावरच्या लोकांची. ती त्या बाईने पाठवली होती. मामाला माहीत होतं. मला सांगितलं तर मी फेकून देईन असं वाटलं त्याला. फेकलीच असती.

१५ नोव्हेंबर

अडीचला फुगा. वर उन्हाळा लागलाय. भोवरा संपला, दर वर्षी संपतो त्याच्या कितीतरी आधी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गाडी सापडली, रस्त्यावरच, जळून पडलेल्या झाडांखाली, गावाकडे तोंड करून. आत दोघी होत्या.

तिचं नाव जूडिथ. अकरा वर्षांत मी ते आज पहिल्यांदा लिहितेय. फोनवर तिने विचारलं होतं, मी जेवते का म्हणून. हो, जूडिथ-सान. जेवते.