कारखाना धाकटीच्या नावे

मी, या राहत्या घराचा आणि त्याला लागून असलेल्या कारखान्याचा मालक, व्यवसाय लाकडी जिने बांधणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवत आहे. बायकोचा दबाव आहे, पण तो लग्नापासूनच आहे. तो धरू नये.

१. राहते घर बायकोच्या हयातीत तिचेच. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना सारखे. यावर वाद नको.

२. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे, हे मुद्दाम नोंदवतो. शाळेत गणिताच्या मास्तरांनी मला बाकावर उभे करून भर वर्गात सांगितले होते, "याच्या डोक्यात भुसा भरलाय." तिशीपर्यंत मी ते खरे मानले. पहिल्याच जिन्याचे आकडे चुकले, शेवटची पायरी बोटभर उंच झाली आणि घरमालक सहकुटुंब तिथे ठेचकाळू लागला. तेव्हा माझ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातातला टेप काढून घेतला आणि एक लांब लाकडी पट्टी दिली. "आकडे गेले खड्ड्यात. पट्टी भिंतीला लाव, पायऱ्यांच्या खुणा कर, आणि त्याच खुणा लाकडावर उतरव." त्यानंतर माझ्या जिन्यावर कोणीही ठेचकाळलेले नाही. हे मी फुशारकीनेच लिहितो आहे.

३. "या ढ माणसाला मुलगी देऊ नका," असे सासरेबुवांना सांगणाऱ्या मेहुण्यास माझी पाय निखळलेली खुर्ची. पाय त्याने स्वतः बसवावा, हुशार आहे.

४. कारखाना, हत्यारे आणि सर्व लाकूड माझ्या हाताखाली तयार झालेल्या धाकट्या मुलीस. तिने नाकारल्यास थोरल्यास. त्याला तिथे व्यायामशाळा काढायची आहे. बाळा, तुझी नोकरी चांगली आहे, रागावू नकोस. धाकटी म्हणते, "बाबा, मी दोनदा नापास झालेली. मला नाही झेपायचं. दादालाच द्या." पोरी, नाही म्हणू नकोस.

५. मी आजारी असताना माळ्यावर जायचा जिना धाकटीने एकटीने बांधला. "बाबांनी तपासल्याशिवाय कोणी चढायचं नाही," असे सगळ्यांना बजावले. आज ती बाहेर गेल्यावर मी कठड्याला हात न लावता, डोळे मिटून चढलो. एकही पायरी उणी-अधिक लागली नाही. मला इतका अभिमान स्वतःच्या कुठल्याच जिन्याचा वाटला नव्हता.

साक्षीदार:
१. शेजारचा कुलूपवाला (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही. "पूर्ण शुद्धीत आहेत. डोळे मिटून चढल्याबद्दल मी रागावले आहे.")

दिनांक: ९ मार्च
सही: जिनेवाला
ठिकाण: माळा. तिघेही धाकटीच्या जिन्याने वर आलो.