टीव्हीवरचं मयत

पेण, सोमवार

ति. लतिकावहिनींना धाकट्या दिराचा, म्हणजे दत्तात्रेयाचा, वाकून नमस्कार. (मायन्यात आधी सवयीने 'सौ.' लिहून खोडलं आहे, ते दिसेलच. 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही, म्हणून तिथली जागा कोरी सोडली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरताना कठड्याला धरता ना? इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे तुमच्या जाऊबाईंची, आसावरीची, सर्दी आणि माझी बडबड दोन्ही जागच्या जागी आहेत. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. टपालाचा भरवसा नाही, तेव्हा महिपतीचा टेम्पो रोह्याला चाललाय त्याच्याबरोबर पाठवतो आहे. निदान फाडण्याआधी वाचा.

सांगायचं एकच आहे. सध्या टीव्हीवर शनिवार-रविवारी कोर्टातल्या खुनाची एक मालिका लागते. ती कृपा करून पाहू नका. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही लगेच लावाल (नको म्हटलेलं आधी करायचं, हा तुमचा स्वभाव दादाने मला मांडवातच सांगितला होता). एवढंच सांगतो, की गोष्ट त्याच जुन्या कादंबरीची आहे, जी दादाने वाचनालयातून आणून, शेवटचं पान आधी वाचून, आपल्या घरभर खुनी कोण ते सांगून टाकलं होतं. (आता तुम्हाला नाव कळलंच असणार. माझं हे असंच होतं.)

त्याचं काय झालं, मालिकेतला नवरा पहिल्याच भागात मरतो आणि पुढे नुसता पडून असतो. इतका वेळ गप्प पडून राहायला कुठला नट तयार होईना, तेव्हा मुंबईची मंडळी मयत बनवून घ्यायला पेणला आली. (त्यांचं तरी काय चुकलं? अख्ख्या मुलखाला मूर्ती पुरवणारं गाव आपलं.) मृणाली नावाची एक मुलगी महिपतीच्या गणपतीच्या कारखान्यात शिरली, कागदाच्या लगद्याचा हलका माणूस हवा म्हणाली, आणि महिपतीने चेहऱ्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. शाळेत चित्रकला शिकवणं सुटल्यापासून मी त्याच्याकडे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. जन्मभर देवाचे डोळे उघडत आलो आणि आता मिटलेले काढा म्हणतात! मी आधी नाही म्हटलं, मग चहा घेतला, मग हो म्हटलं.

आता मिटल्या डोळ्यांचा माणूस मी निरखून पाहिलेला एकच, आपला दादा. तो कुठेही झोपायचा. रोह्याहून निघाला की गाडीत झोपून, पेण ओलांडून, थेट जित्याच्या स्टेशनावर पोचायचा आणि तिथून फोन करून मलाच विचारायचा, पेण कुठे गेलं रे? कारखान्यात आला की शाडूच्या पोत्यांवर आडवा. मान डावीकडे कललेली, ओठ जरासे उघडे. मी लगदा दाबत गेलो, पॉलिश पेपर मारत गेलो, आणि देवाशपथ, मला काही कळलं नाही. कळलं ते कारखान्यातल्या धोंडुबाईला. ती मयताच्या हाताला कागद चिकटवायला आली आणि थबकली. "अगो बाय! ह्ये तर विष्णुदादा. झोपलं हायत व्हय?" मग तोंडाला पदर लावून तिने अंगणातलं तुळशीचं पान आणलं आणि त्या कागदाच्या ओठांत ठेवलं. मी चेहरा मोडायला हात उचलला, पण मोडता आला नाही, वहिनी. त्याला जाऊन वर्ष होत आलं, आणि तो समोर झोपलेला.

टेम्पो आला. कारखान्यातल्या चौघांनी मयत खांद्यावर घेतलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, आणि जन्माची सवय, चौघेही एका सुरात ओरडले, "गणपती बाप्पा मोरया!" महिपतीने जीभ चावली. समोरून येणाऱ्या बायकांनी हात जोडले आणि काय चाललंय ते दिसल्यावर पळाल्या. मृणालीला वाटलं, पेणला माणसाला असाच निरोप देतात. ती रडायला लागली, आणि तिचं पाहून मी. तेराव्याला माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ते सगळं त्या टेम्पोमागे उभं राहून झालं.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या गोष्टीत आरोपी कोण? मयताची बायको. नवऱ्याला दुधातून विष दिलं, असा तिच्यावर आळ. काल सरकारी वकील बोट नाचवत तिला विचारत होता, शेवटचं त्यांना काय प्यायला दिलंत? डॉक्टरला का नाही बोलावलंत? आणि मध्ये मध्ये पडलेल्या दादाचा चेहरा. आसावरीने टीव्हीला हात जोडले आणि बंद करून टाकला. मला तुमचा आवाज ऐकू यायला लागला. तेराव्याला तुम्ही एकदाच बोललात, "छातीत जळजळतंय म्हणाले, मी पित्त समजले, आमसुलाचं सार दिलं." त्यावर सगळ्यांनी तुम्हाला 'असू दे, असू दे' म्हटलं, तुम्ही उठून आत गेलात, आणि त्यानंतर पेणला आला नाहीत. 'असू दे' तर चूक पोटात घालताना म्हणतात. तुमची चूक झालीच कुठे होती? डॉक्टर सांगून गेले होते, की ते स्वतः शेजारी बसलेले असते तरी हातात काही नव्हतं. पण ते तुमच्या कानात शिरलंच नाही. त्या वकिलाचं मात्र लगेच शिरेल. म्हणून पाहू नका. येत्या रविवारी शेवटचा भाग आहे, तो तर मुळीच नको.

तुमचा,
दत्तू

ता. क. : कादंबरीत बायको निर्दोष सुटते, पण टीव्हीवाल्यांचा काय नेम, शेवट बदलतात. आज सकाळी न राहवून मृणालीला फोन केला. शेवट सांगायला बंदी आहे म्हणाली. मग मी तिला मयत कुणाचं होतं आणि त्याची बायको रोह्याला काय करत बसली आहे, ते सांगितलं. ते ऐकून मग म्हणाली, "काका, बाई सुटते." तेव्हा रविवारचा भाग पाहा, पण तिकडे एकट्याने नको. इकडे या. गाडीत झोपू नका, जित्याला पोचाल.

आणखी एक : दार उघडल्यावर दचकू नका. शूटिंग संपलं तसं त्यांनी मयत परत पाठवलं. कारखान्यात गणपती बघायला येणारी गिऱ्हाइकं घाबरतात, म्हणून महिपतीने ते माझ्याकडे आणून टाकलं. पेणहून 'मोरया' म्हणून गेलेला आणि परत आलेला हा पहिलाच. पुढच्या खोलीत झोपला आहे. आसावरीने त्याच्या अंगावर चादर घातली आहे. धरमतरच्या खाडीत सोडायचा आहे, पण तुमच्याशिवाय नाही.

शेवटचं : येताना आमसुलाचं सार करून आणा. तेव्हापासून तुम्ही ते केलेलं नाही, मला माहीत आहे. मी वाडगाभर पिऊन दुपारी दादाच्या शेजारी आडवा होईन, आणि चहाच्या वेळेला उठून दाखवीन.