वेशीवरचा फ्लेक्स

बुधवार, संध्याकाळ. गेवराई.

काश्मीरपासून दत्ता अन् मी सायकल हाणतोय, परवा आमचं घाटनांदूर येईल. आत्ता भावानं वेशीवरच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'सायकलवीर दत्ताचं स्वागत.' माझं नावसुद्धा न्हाई! फोन केला तर भाऊच म्हणतो, "तुझा एक तरी फोटो हाय का?"

कुठून असणार? सगळ्या वाटेनं मीच दत्ताचे काढत आलो. हा फ्लेक्सवरचापण घाटात ह्याचं पंक्चर काढून, हात पुसून मीच काढला.

दत्ता फ्लेक्स बघून म्हणाला, "लई भारी आलोय बे! कुणी काढलता?"

कुणी काढलता म्हणे.

परत मोठा करून बघितला. ह्याच्या चाकापाशी एक सावली पडलीय, मोबाईल धरलेली. फ्लेक्सवर तेवढाच मी हाय. आईनं तरी ओळखावं.