चटईचं माप

३ मार्च
डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. ईसीजी ठीक नाही, या आठवड्यात पुढची टेस्ट करून घ्या. रोज चाला. हलका व्यायाम सुरू करा. व्यायामाची चटई लगेच आणली. उद्यापासून बागेतल्या वर्गाला. टेस्ट नंतर. व्यायामाने रिपोर्ट सुधारेल, मग टेस्ट करण्यात अर्थ आहे.

४ मार्च
गेलो नाही. चटई काखोटीला मारून रस्त्याने जाणं शोभत नाही. दुकानातल्या पिशव्या तकलादू. स्वतः शिवणार. कापड म्हणून माझी लग्नाआधीची जीन्स काढली. ही म्हणाली, तिच्या एका पायात चटई मावेल, तुमचा पाय नाही मावायचा. लक्ष दिलं नाही. कल्पना मात्र चांगली आहे.

५ मार्च, संध्याकाळ
माप घेतलं. चटई जीन्सच्या पायात अगदी फिट. ही म्हणाली, आधी प्लास्टिक तरी काढा तिचं. कशाला? मळेल.

७ मार्च
तळाला गोल तुकडा जोडला. हिच्या मशीनची सुई तुटली. छातीत जड वाटतंय. वाकून बसल्यामुळे. मुलीचा फोन: बाबा, टेस्ट केलीत का? तयारी चालू आहे, म्हटलं. खोटं नाही.

९ मार्च
डावा हात दुखतो. कापड डाव्या हातानेच सरकवावं लागतं. सगळ्या शिंप्यांचा दुखत असणार. हिने मला न विचारता टेस्टची अपॉइंटमेंट घेतली. मी फोन करून रद्द केली. पट्टा लावायचा राहिलाय. अर्धवट काम टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही.

१२ मार्च, पहाट
नाडी ओवली. पट्टा लावला. खांद्याला अडकवून जिना चढून पाहिला. मध्येच थांबलो, तोल तपासायला. खालचे शेजारी म्हणाले, अहो बसा, घामाने निथळताय. उकडतंय, म्हटलं. ते स्वेटर घालून उभे होते.

१३ मार्च, सकाळ
रंगीत तालीम. प्लास्टिक काढून चटई उलगडली, पुन्हा गुंडाळली. पिशवीत जाईना. दुकानातली घट्ट गुंडाळी हाताने होत नाही. गुडघ्याने दाबली. नाहीच. हिने दारातून पाहिलं. उपाय सोपा: एक बाजू उसवून दुसऱ्या पायाची पट्टी घालायची. व्यायाम त्यानंतर. जबडा दुखतोय. दात असेल.

१७ मार्च, हॉस्पिटल
उसवताना कात्री हातातून पडली. त्यानंतर ही मला अहो म्हणत नव्हती. नावाने हाक मारत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा काही भाग गेला. तो परत येत नाही. व्यायामाचं विचारलं. म्हणाले, आधी खाटेवर उठून बसा.

मुलगी आलीय. चटई तिने काखोटीला मारून आणली. खाटेशेजारी अंथरून दोघी तिच्यावर आळीपाळीने झोपतात.

पिशवीही इथेच आहे. उसवलेली बाजू हिने शिवली. टाके बारीक, सरळ. आत माझा टॉवेल, पायजमा, फाइल. सगळं मावलं.

सिस्टरने विचारलं, पिशवी छान आहे, कुठून घेतली?

सांगणार होतो. श्वास पुरला नाही.